रक्तातलं मेटफॉर्मिन मोजताय? या चुका टाळा

प्लाझ्मातलं, म्हणजे पेशी काढून उरलेल्या रक्तद्रवातलं, मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध एचपीएलसीवर (द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजायला घेतलं की आधी कॉलमला, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या नळीला, नावं ठेवली जातात. कॉलम बहुधा निर्दोष असतो. हा रेणू पाण्यात सहज विरघळतो आणि नेहमीच्या पीएचला त्याच्यावर धनभार असतो. इतर गोळ्यांसाठी बसवलेली पद्धत त्याला लावली की घोळ सुरू होतात.

तेलकट रेणूंना धरून ठेवणाऱ्या साध्या सी-18 कॉलमवर तो थांबतच नाही. 150 बाय 4.6 मिमीचा कॉलम, फ्लो मिनिटाला 1 मिलि आणि पीक (आलेखातला उंचवटा) दीड मिनिटाच्या आसपास, असं दिसलं तर कॉलमवर न थांबणारं युरॅसिल इंजेक्ट करून डेड टाइम, म्हणजे ते बाहेर पडायला लागणारा वेळ, बघा. दोन्ही वेळा जुळल्या तर तुम्ही मेटफॉर्मिनसोबत प्लाझ्मातले क्षार आणि बाकीचा कचराही मोजताय. मेटफॉर्मिन ज्यावर मोजतात त्या 232 ते 236 नॅनोमीटरच्या अतिनील (यूव्ही) प्रकाशात त्यातलं बरंच काही दिसतं. पीक देखणा आहे म्हणून हुरळून जाऊ नका. औषध न घेतलेल्या किमान 6 वेगवेगळ्या व्यक्तींचा प्लाझ्मा चालवून त्या जागी काय उगवतं ते पाहा.

उपाय दोन: एसडीएससारखं आयन-पेअर रसायन (धनभाराशी जोडी जमवून रेणूला कॉलमवर थांबवणारं) किंवा हिलिक कॉलम (पाण्यात विरघळणाऱ्या रेणूंना धरून ठेवणारा). एसडीएस यूव्हीपुरतंच ठेवा, मास स्पेक्ट्रोमीटरच्या (रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्राच्या) आसपासही नको. सिग्नल दबतो आणि ते धुऊन काढताना नाकीनऊ येतात. हिलिकवर उलटी गंगा असते, तिथे पाणी हा जोरदार सॉल्व्हंट, रेणूला लगेच पुढे ढकलणारा. अ‍ॅसिटोनायट्राइलने प्रथिनं बसवायची (त्यांचा गाळ तळाशी आणायचा), वरचं द्रावण सुकवायचं आणि सवयीने पाण्यात विरघळवायचं, की पीक फाटलाच म्हणून समजा.

ग्लिमेपिराइड (मधुमेहाचंच दुसरं औषध) आणि मेटफॉर्मिनची जोडगोळी आपल्याकडे सर्रास दिली जाते, म्हणून दोन्ही एकाच एक्स्ट्रॅक्शनमध्ये, म्हणजे एकाच सॉल्व्हंटने ओढून, काढायचा मोह होतो. इथिल अ‍ॅसिटेटमध्ये ग्लिमेपिराइड येतं, मेटफॉर्मिन पाण्यातच बसून राहतं. इथे प्रथिनं बसवण्याचीच पद्धत बरी. एलसी-एमएसवर (एचपीएलसीला मास स्पेक्ट्रोमीटर जोडून) इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे प्रत्येक नमुन्यात ठराविक मात्रेत घालायचा तुलनेचा पदार्थ, म्हणून ड्युटेरियमवालं (जड हायड्रोजनचं) मेटफॉर्मिन घ्या. महाग आहे, पण त्यात काटकसर करू नका.

सगळ्यात छुपी चूक तराजूवर होते. स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी वजन करून घ्यायचं शुद्ध औषध, सहसा हायड्रोक्लोराइड (क्षाररूपात) असतं: रेणुभार 165.6, नुसत्या मेटफॉर्मिनचा 129.2. म्हणजे 10 मिग्रॅ पावडरीत औषध 7.8 मिग्रॅच. हा गुणक विसरलात तर प्रत्येक रुग्णाचा आकडा सुमारे 28 टक्क्यांनी फुगतो. गंमत म्हणजे क्यूसी (पद्धत तपासायला बनवलेले, प्रमाण माहीत असलेले नमुने) मात्र छान पास होतात, कारण तेही त्याच स्टॉकमधून, म्हणजे मूळ द्रावणातून, केलेले असतात. क्यूसीसाठी वेगळं वजन करा, आणि शक्यतो दुसऱ्या माणसाकडून. एकाच माणसाने दोन्ही वजनं केली तर विसरही दोनदा पडतो.

नमुना गोळा करतानाच्या चुका नंतर कुठलंच यंत्र दुरुस्त करत नाही. मेटफॉर्मिन तांबड्या पेशींत शिरतं आणि तिथून सावकाश निघतं: प्लाझ्मात अर्धायुष्य (प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ) सुमारे 6.2 तास, तर संपूर्ण रक्तात सुमारे 17.6. त्यामुळे डोस घेऊन बराच वेळ झाल्यावरच्या नमुन्यात हिमोलिसिस झालं, म्हणजे तांबड्या पेशी फुटल्या, तर पेशींतलं औषध प्लाझ्मात मिसळून आकडा वर सरकतो. रक्त लवकर सेंट्रिफ्यूज करा, लालसर प्लाझ्माची नोंद ठेवा आणि व्हॅलिडेशनमध्ये (पद्धत वापरण्याआधीच्या पडताळणीत) एक हिमोलाइज्ड नमुना मुद्दाम घाला.