ड्रुपलवर वाचनालयाचे संकेतस्थळ: आधी नोंदीचा आराखडा, मग रूप

ड्रुपल ही संकेतस्थळे बांधण्याची प्रणाली वापरणाऱ्यांचे अनुभव ऐकले की दोन टोकांची मते कानी पडतात. संकेतस्थळ बांधणारे म्हणतात की हवे ते करता येते. त्याच संकेतस्थळावर रोज मजकूर भरणारे मात्र म्हणतात की एक नोंद करायला अर्धा तास जातो. दोघांचेही खरे असते. बेल्जियमच्या ड्रीस बायटार्ट यांनी २००१ साली खुली केलेली ही प्रणाली मजकुराचा कोणताही ठरीव साचा लादत नाही आणि त्यामुळे साचा ठरवण्याची जबाबदारी पूर्णपणे बांधणाऱ्यावर येते. ही सारी लवचीकता बांधणाऱ्याने वापरून संपवावी आणि नोंद करणाऱ्याच्या हाती सरळ, नेमका अर्ज द्यावा, असे माझे ठाम मत आहे. हे कसे साधायचे ते दाखवण्यासाठी एका वाचनालयातील दिवाळी अंकांच्या सूचीचे उदाहरण घेऊ.

पहिले काम कागदावर करावे. संगणक सुरू करण्याआधी ग्रंथपालांना विचारावे की वाचक येऊन काय मागतात. कोणी एखाद्या वर्षाचे सगळे अंक मागतो, कोणी एका लेखकाचे सगळे लेखन शोधतो, तर कोणाला केवळ कथा हव्या असतात. या प्रश्नांतूनच ‘अंक’, ‘लेखन’ आणि ‘लेखक’ असे तीन कंटेंट टाइप, म्हणजे नोंदींचे प्रकार, हाती लागतात. अंकाच्या नोंदीत नाव, वर्ष, संपादक, मुखपृष्ठाचे छायाचित्र आणि दाखल क्रमांक असावा. लेखनाच्या नोंदीत शीर्षक, साहित्यप्रकार आणि पृष्ठक्रमांक असावेत, शिवाय ते कोणत्या अंकात आले आणि कोणी लिहिले हे सांगणारे दोन दुवे असावेत. हे दुवे ‘रेफरन्स’ प्रकारच्या फील्डने, म्हणजे दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या रकान्याने, जोडले जातात. साहित्यप्रकारासाठी टॅक्सॉनॉमीची, म्हणजे वर्गीकरणाच्या शब्दांची, छोटी, बंदिस्त यादी पुरेशी आहे. घाईत बांधलेल्या संकेतस्थळांवर ही सगळी माहिती ‘बॉडी’ नावाच्या एकाच मोठ्या चौकटीत ओतलेली असते. पान नीटनेटके दिसते, पण १९६५ सालच्या अंकांतील कथा मागितल्या तर ती यादी प्रणालीला देता येत नाही, कारण वर्ष कोणते आणि साहित्यप्रकार कोणता हे तिला कोणी स्वतंत्रपणे सांगितलेलेच नसते.

लेखकाचे नाव साध्या मजकुराच्या फील्डमध्ये मुळीच घेऊ नये. मराठीत आद्याक्षरांनंतर टिंब द्यावे की नाही आणि मध्ये जागा सोडावी की नाही, याबाबत प्रत्येकाची सवय निराळी असते, त्यामुळे एकाच लेखकाच्या तीन-चार वेगळ्या याद्या तयार होतात. त्यात टोपणनावांची भर पडते. वि. वा. शिरवाडकर कवितेखाली कुसुमाग्रज असतात आणि राम गणेश गडकरी गोविंदाग्रज असतात. म्हणून ‘लेखक’ हा स्वतंत्र कंटेंट टाइप ठेवून त्यात टोपणनावांचे फील्ड द्यावे आणि त्यात हवी तितकी नावे भरण्याची मुभा ठेवावी. शिवाय लेखनाच्या नोंदीत ‘छापील नाव’ असे आणखी एक छोटे फील्ड ठेवावे, कारण अंकात प्रत्यक्ष कोणते नाव छापले होते ही अभ्यासकाच्या दृष्टीने वेगळी आणि मोलाची माहिती आहे.

इथे एक अडचण हमखास येते. रेफरन्स फील्डमध्ये नाव टाइप करू लागले की खाली सुचणाऱ्या नावांची यादी येते, पण ती यादी केवळ नोंदीचे शीर्षक पाहून बनते. ‘कुसुमाग्रज’ टाइप करणाऱ्याला शिरवाडकर सापडत नाहीत. यावर उपाय असा की ‘व्ह्यूज’ या याद्या बनवण्याच्या साधनात लेखकांची एक यादी तयार करून तिला ‘एंटिटी रेफरन्स’ प्रकारचा डिस्प्ले जोडावा, त्याच्या रचनेत शोधाची फील्ड म्हणून शीर्षक आणि टोपणनाव या दोन्हींवर खूण करावी आणि मग रेफरन्स फील्डच्या रचनेत हीच यादी निवडावी. ही यादी न निवडता ड्रुपलची मूळची निवडपद्धतच ठेवली, तर यादीत नसलेली नोंद आपोआप तयार करण्याचा पर्याय त्याच ठिकाणी दिसतो. तो बंद ठेवावा, नाहीतर टाइप करताना झालेल्या प्रत्येक चुकीचा एक नवा लेखक जन्माला येतो.

फील्ड तयार करताना दोन गोष्टी सावकाश कराव्यात. फील्डला मराठी नाव दिले की ड्रुपल त्याचे रोमन लिपीतील मशीन नेम, म्हणजे प्रणालीच्या आतल्या वापराचे नाव, स्वतःच सुचवते. ते वाचायला अवघड असते आणि नंतर बदलता येत नाही, म्हणून तिथल्या तिथे ‘एडिट’वर टिचकी मारून छोटे, अर्थपूर्ण नाव द्यावे. दुसरे असे की माहिती भरायला सुरुवात झाल्यावर फील्डचा प्रकार बदलता येत नाही. वर्ष संख्या म्हणून ठेवायचे की मजकूर म्हणून, हे आधीच ठरवावे. संख्या म्हणून ठेवणे चांगले, कारण ‘१९६० ते १९७०’ अशी मर्यादा घालून शोध तेव्हाच घेता येतो.

मराठी मजकुराचा सर्वांत चिवट त्रास अक्षरांच्या सांकेतिक रूपांमुळे होतो आणि तो नजरेला दिसत नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठीच्या अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत, स्वतंत्र आहे, पण पुष्कळ कळफलक ‘अ’ आणि त्यावर अर्धचंद्र अशी दोन चिन्हे उमटवतात. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला मात्र ती वेगळी वाटतात. ‘वाऱ्यावर’ या शब्दाचेही तसेच आहे. त्यातील अर्धा र काही जण खालच्या टिंबाच्या ऱ पासून लिहितात, तर काहींचा कळफलक साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरतो. परिणामी सूचीत असलेली कथा शोधात सापडत नाही आणि ती वाचनालयात नाही असे समजून वाचक निघून जातो. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण ही रूपे एकत्र आणत नाही. त्यामुळे नोंद साठवण्याआधी चालणाऱ्या प्रीसेव्ह हुकमध्ये ही दोन्ही रूपे एका ठरलेल्या रूपात बदलणारा छोटा कोड प्रोग्रामरकडून लिहून घ्यावा आणि तोच बदल वाचकाने शोधचौकटीत टाइप केलेल्या शब्दावरही लागू करावा. काही ओळींचे हे काम मराठी सूचीसाठी देखण्या थीमहून कितीतरी पटींनी अधिक उपयोगी आहे.

आता नोंद करणाऱ्याचा अर्ज पाहू. ‘मॅनेज फॉर्म डिस्प्ले’मध्ये फील्डांचा क्रम लावता येतो आणि नको ते फील्ड लपवताही येते. अंक हातात घेतल्यावर डोळे ज्या क्रमाने फिरतात, म्हणजे मुखपृष्ठ, नाव, वर्ष, संपादक आणि मग अनुक्रमणिका, त्याच क्रमाने अर्ज लावावा. प्रत्येक फील्डखाली मराठीत एका ओळीची सूचना असावी, उदाहरणार्थ, ‘मुखपृष्ठावर छापलेले वर्ष लिहावे’. नोंद करणाऱ्यांसाठी वेगळी भूमिका तयार करून तिला केवळ या तीन कंटेंट टाइपची परवानगी द्यावी. प्रशासकाचा पासवर्ड सोयीसाठी सर्वांना देऊन ठेवण्याची पद्धत अनेक संस्थांत आहे, ती पूर्णपणे बंद करावी. कंटेंट मॉडरेशन हे मॉड्यूल, म्हणजे जोडसुविधा, ड्रुपलच्या गाभ्यातच आहे. त्याच्या साहाय्याने लिपिकाची नोंद मसुदा म्हणून राहते आणि ग्रंथपालांनी पाहिल्यावरच प्रसिद्ध होते. अर्ज तयार झाला की तो ज्यांना वापरायचा आहे त्यांच्यासमोर ठेवावा आणि जवळ बसून, काहीही न सुचवता, त्यांना एक संपूर्ण अंक भरू द्यावा. त्यांचा हात जिथे थबकतो, तिथे अर्ज बदलावा.

वाचकांना दिसणाऱ्या याद्या व्ह्यूजमधूनच कराव्यात. वर्ष, साहित्यप्रकार आणि लेखक हे तीन फिल्टर ‘एक्सपोज्ड’, म्हणजे वाचकाला निवडता येतील असे खुले, केले की सुरुवातीची गरज भागते. संकेतस्थळाची भाषा मराठी अशी नोंदवावी. काही फॉन्ट ल आणि श यांची मराठी वळणे तेव्हाच दाखवतात. पानांचे पत्ते पाथऑटो या मॉड्यूलने ठरवले जातात. पत्ता देवनागरीत ठेवला तर दुवा दुसरीकडे चिकटवताना प्रत्येक अक्षरचिन्हाच्या जागी नऊ रोमन चिन्हे उमटू शकतात, म्हणून वर्ष आणि दाखल क्रमांक यांवर बेतलेला छोटा पत्ता बरा.

मॉड्यूल मोजकीच घ्यावीत आणि प्रत्येकाच्या पानावर सुरक्षेच्या पाठबळाची ढालीची खूण आहे ना, ते पाहावे. सुरक्षेच्या सूचना साधारणपणे बुधवारी येतात. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी जाहीर झालेल्या एका गंभीर त्रुटीबाबत ड्रुपलच्या सुरक्षा गटाने नंतर कळवले होते की सात तासांच्या आत दुरुस्ती न झालेले संकेतस्थळ हल्ल्याला बळी पडले आहे असेच समजावे. म्हणून अद्ययावत करण्याचे काम कोणाचे, हे बांधणीच्या करारातच लिहून घ्यावे. तुमचे संकेतस्थळ अजूनही ड्रुपल ७ वर असेल तर त्याचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला आहे. तिथून पुढच्या आवृत्तीवर जाताना जुने संकेतस्थळ जागच्या जागी बदलत नाही, नव्या बांधणीत माहिती स्थलांतरित करावी लागते. ‘बॉडी’त कोंबलेली जुनी माहिती वेगवेगळ्या फील्डांत मांडायची असेल तर ती याच वेळी मांडावी, कारण प्रत्येक नोंद तशीही एकदा हाताखालून जाणारच असते. स्थलांतरापूर्वी विदागाराची आणि छायाचित्रांच्या फोल्डरची अशी दोन्हींची प्रत संस्थेच्या स्वतःच्या डिस्कवर घ्यावी आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहिल्यानंतरच जुना सर्व्हर बंद करण्यास संमती द्यावी.