मुंबई–न्यूयॉर्क: अंतर आणि वेळ मोजताना या चुका टाळा

मुंबई ते न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ हे हवाई अंतर साधारण १२,५४० किलोमीटर. वेग ताशी ९०० धरला की उत्तर येतं चौदा तास. तिकिटावर मात्र सोळाच्या आसपास, कधी त्याहून जास्त. हिशोब कुठे चुकतो?

पहिली चूक नकाशाची. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मार्ग कळत नाही. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. तो अरबी समुद्र, आफ्रिका असा सरळ पश्चिमेला जात नाही. पाकिस्तान, रशिया करत चढतो आणि आइसलँडजवळ ६५ अंश उत्तरेला टेकून खाली वळतो. १२,५४० ही त्या दोऱ्याची लांबी. विमान दोऱ्यावरून जाईलच असं नाही. रशियाची हवाई हद्द २०२२ मध्ये अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झाली, पाकिस्तानची एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना. मग वळसा आलाच. शिवाय तिकिटावरची वेळ विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीच्या रांगेतला अर्धा तासही त्यातच.

जातानाचे तास येतानाला लावू नका. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, त्यामुळे जाताना वारा तोंडावर, येताना पाठीशी. हिवाळ्यात हा फरक सहज तासाच्या वर जातो.

आता घड्याळ. मुंबईहून १० जानेवारीला पहाटे २ वाजता निघालात, न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी ७:३० ला उतरलात. प्रवास साडेपाच तासांचा नव्हे! उतरण्याच्या वेळेत १०:३० तास मिळवा: भारतात संध्याकाळचे ६, म्हणजे प्रवास १६ तासांचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा ९:३० च मिळवायचे. जुलैत तेच विमान ८:३० ला उतरलेलं दिसेल. उशीर झालेला नसतो.

विमानतळाचं नाव नीट वाचा. न्यूयॉर्कला जायला केनेडीखेरीज नेवार्क हाही विमानतळ आहे, पण तो शेजारच्या न्यू जर्सीत. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान घेतलंत, तर गर्दीच्या वेळी रस्त्यातच दोन तास जातात. गोव्यातही दाबोळी की मोपा, हे टॅक्सी सांगण्याआधी बघा.

सगळ्यात महागात पडते ती तारीख. तिकिटावर '१५ तारीख, ००:४०' असतं आणि लोक १५ च्या रात्री बॅगा घेऊन हजर होतात. आपल्या बोलण्यात '१५ ची रात्र' म्हणजे १५ चा दिवस मावळल्यावरची. विमानाची १५ तारीख मध्यरात्रीच लागते. तीन तास आधी पोचायचं तर चेक-इनला १४ च्या रात्री ९:४० ला उभं राहायला हवं. कॅलेंडरवर खूण १४ लाच करा.