बागेतला एक कोपरा झाडू नका

कोथरूडच्या आमच्या कॉलनीतली बाग पाखरांसाठी करायची ठरली, आणि पहिल्याच वर्षी आम्ही हौसेने रोपं आणून लावली. ते चुकलं. आधी माळीकाकांशी बोलायला हवं होतं. पाला झाडू नका म्हटलं तरी ते झाडणारच, कारण बाग घाण दिसली की बोलणी त्यांनाच बसतात. म्हणून सुरुवात करा ती संध्याकाळी बाकावर बसणाऱ्या आजी-आजोबांपासून. आमचं काम केलं भारद्वाजाने. तो दिसला की दिवस चांगला जातो, हे त्यांनीच आम्हाला लहानपणी सांगितलेलं! मग मी एवढंच म्हटलं, लॉनवर भारद्वाज राहत नाही. त्याला दाट झुडपं लागतात, पाल्यातले किडे-गोगलगायी लागतात. कुंपणालगतची दहा फुटी पट्टी तिथल्या तिथे मंजूर झाली.

त्या पट्टीत झाडू नाही, पाला जाळणं नाही. पाटी मात्र लावाच, नाहीतर आठवड्यात तिथे निर्माल्याच्या पिशव्या पडतात.

झाडं निवडताना फुलांइतकाच अळ्यांचाही विचार करा. लिंबू, कढीपत्ता, रुई, पानफुटी एवढ्यावर बरंच भागतं. रुईवर बिबळ्या कडवा हे फुलपाखरू अंडी घालतं. लिंबावर नीलवंत, आपलं 2015 पासूनचं राज्य फुलपाखरू. एका काकूंनी लिंबावर औषध मारलं होतं. पानांवर पक्ष्यांची शीट वाटली ती कोवळी अळी होती. आता ते झाड त्यांच्याकडेच सोपवलंय, आणि अळ्या मोजून त्या मला रोज आकडा सांगतात.

जागा असेल आणि वर तारा नसतील तरच पांगारा किंवा काटेसावर लावा. छाटणी मार्च ते ऑगस्ट टाळा, शिंपी आणि दयाळ तेव्हा घरटी करतात. तारेला टेकलेली फांदी काढावीच लागली तर आधी खालून नीट बघून घ्या.

पाण्याला मातीची पसरट थाळी, दोन इंच खोल, मध्ये एक दगड. रोज घासायची, वारानुसार घरं वाटून द्या. कबुतरांना दाणे टाकणाऱ्यांशी वाद होईल, आमचा अजून चालूच आहे.

आणि पाटीवर सर्पमित्राचा नंबर आधीच लिहून ठेवा. पाला आला की उंदीर येतात, मागोमाग धामण. ती बिनविषारी असते, हे ती दिसल्यावर सांगून कुणी ऐकत नाही.