कॉन्फिडन्स गेलाय म्हणजे नेमकं काय गेलंय? एमपीएससी करणाऱ्यांसाठी

प्रिलिमचा निकाल लागला की पुण्यात पेठांमधल्या अभ्यासिकांत, चहाच्या टपरीवर, मेसमधे सगळीकडे एकच ऐकू येतं, "माझा कॉन्फिडन्सच गेलाय रे." त्यावर मग मित्र सांगतात पॉझिटिव्ह रहा, कोणी मोटिवेशनल व्हिडिओ पाठवतं, घरून फोन येतो की तू हुशार आहेस, होईल सगळं नीट. सांगणाऱ्यांची माया खरी असते पण दोन दिवसांत माणूस परत तिथेच येतो. माझ्या मते ह्याचं कारण असं की ह्या एका तक्रारीत तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे, आणि आपण बहुतेकवेळा चुकीच्या जागी औषध लावत बसतो.

पहिली गोष्ट म्हणजे सेल्फ एस्टीम, माणूस म्हणून मी स्वतःला किती किंमत देतो ते. मॉरिस रोझेनबर्ग ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६५ मधे न्यूयॉर्क राज्यातल्या हायस्कूलच्या मुलामुलींवर काम करून ह्यासाठी १० वाक्यांची प्रश्नावली दिली, ती आजही जगभर वापरतात. वाक्यं अशी की एकंदरीत मी स्वतःवर समाधानी आहे, किंवा कधीकधी वाटतं मी अगदीच बिनकामाचा आहे. त्यात गणित येतं का, इंग्रजी येतं का असलं काहीच नाही. मी इतरांपेक्षा भारी आहे का हेही नाही, बरोबरीचा आहे का एवढंच.

दुसरी सेल्फ एफिकसी. हे अल्बर्ट बंडुराचं काम, स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ, १९७७ चा त्यांचा पेपर ह्या विषयाचा पाया मानला जातो. इथे प्रश्न एकदम नेमका असतो, हे अमुक काम मी करू शकेन का? सीसॅटचे, म्हणजे पूर्व परीक्षेतल्या उतारे-रिझनिंगच्या पेपरचे, ८० प्रश्न दोन तासांत हाताळू शकेन का, मेन्सचं, म्हणजे मुख्य परीक्षेचं, एक उत्तर न अडखळता लिहू शकेन का. पॉलिटीत (राज्यघटना, राज्यव्यवस्था) भरपूर असेल आणि अंकगणितात शून्य असेल, एकाच माणसात, आणि त्यात विचित्र काही नाही.

तिसरी लोकस ऑफ कंट्रोल, म्हणजे माझ्या आयुष्यात जे घडतं ते माझ्या वागण्यामुळे घडतं असं मला वाटतं की नशीब, वशिला, सिस्टीम ह्यांच्यामुळे. ज्युलियन रॉटर ह्यांनी १९६६ मधे ह्यासाठी २९ जोड्यांची प्रश्नावली छापली, प्रत्येक जोडीत दोन वाक्यं आणि जे जास्त पटतं ते निवडायचं. त्यातली एक जोडी तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. एका बाजूला, ज्याची तयारी नीट झालीये त्याच्यासाठी पेपर क्वचितच अन्यायाचा असतो. दुसऱ्या बाजूला, बऱ्याचदा प्रश्न अभ्यासाशी इतके असंबंधित येतात की अभ्यास करून उपयोगच नाही. आता तुम्ही कोणतं निवडाल ते मनात ठेवा, त्याकडे शेवटी येऊ.

तर पहिलं काम, वही घ्या आणि "कॉन्फिडन्स नाही" हे वाक्य पुढे नेऊन पूर्ण करा. कशाबद्दल नाही? "मी कशाच्याच लायक नाही, गावाकडे तोंड दाखवायची लाज वाटते" असं आलं तर दुखणं सेल्फ एस्टीमचं आहे. "उतारे वेळेत वाचून होत नाहीत" असं आलं तर एफिकसीचं. "कितीही केलं तरी काय फरक पडणारे" असं आलं तर लोकसचं. तिन्ही आली तरी चालेल, फक्त वेगवेगळ्या पानांवर लिहा, कारण एकत्र लिहिली की सगळं मिळून "मी नापास माणूस" एवढंच उरतं.

सेल्फ एस्टीमबद्दल आधी बोलतो कारण इथेच सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. लोकांना वाटतं आधी स्वतःबद्दल छान वाटायला हवं, मग अभ्यास होईल. २००३ मधे रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोपर्यंतचं बरंचसं संशोधन चाळून सांगितलं की जास्त सेल्फ एस्टीममुळे मार्क वाढतात ह्याला फार आधार सापडत नाही, उलट चांगलं जमलं म्हणून स्वतःबद्दल बरं वाटतं हा भाग त्यात मोठा आहे. आणि आरशासमोर चांगली वाक्यं म्हणायची ती पद्धत, त्यावर कॅनडातल्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांचा २००९ चा प्रयोग आहे, ज्यांचं सेल्फ एस्टीम आधीच कमी होतं त्यांना "मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे" असं परत परत म्हणायला लावल्यावर त्यांना आणखी वाईट वाटलं. समजण्यासारखं आहे, मन आतून लगेच म्हणतं की हे खरं नाही. त्यामुळे अशी वाक्यं तुम्हाला टोचत असतील तर सोडून द्या, तुमच्यात काही बिघाड नाही.

त्याऐवजी एवढं करा, तुमची किंमत कशावर टांगलेली आहे ते बघा. जेनिफर क्रॉकर ह्यांनी २००२ मधे अमेरिकेत पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. होकार आला त्या दिवशी सेल्फ एस्टीम वर, नकार आला त्या दिवशी खाली, पण ज्यांनी स्वतःची किंमत अभ्यासावरच टांगली होती त्यांचे हे हेलकावे जास्त मोठे होते. आपल्याकडे तर वर्षानुवर्षं माणूस फक्त "एमपीएससी करणारा" म्हणूनच जगतो, क्रिकेट बंद, लग्नकार्य बंद, जुने मित्र बंद. मग यादीत नंबर नाही आला की उरतं काय? म्हणून आठवड्यातून थोडा वेळ तरी असं काही ठेवा ज्याचा कट-ऑफशी संबंध नाही, शेजारच्या ज्युनिअरला शिकवणं, तालमीत जाणं, गावच्या शाळेचं काही काम, काहीही, पण अपराधी न वाटता. आणि झोप उडालीये, जेवण जात नाही, जगण्यात अर्थ नाही असे विचार येतायत, असं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि टेलिमानसच्या १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, २४ तास चालू असतं, मराठीत बोलता येतं.

आता एफिकसी. माझा सगळा भर ह्यावर आहे कारण तीनपैकी हीच गोष्ट तुम्ही पुढच्या दोन आठवड्यांत खरोखर हलवू शकता.

बंडुरांनी एफिकसी मोजायची जी पद्धत सांगितली ती घरी करता येते. एकच काम घ्या, ते सोप्याकडून अवघडाकडे पायऱ्यांमधे मांडा, आणि प्रत्येक पायरीसमोर ० ते १०० मधे लिहा की आज, आत्ता, हे मी करू शकेन ह्याची मला किती खात्री आहे. पुढे कधीतरी करेन असं नाही, आज. सीसॅट ज्यांना नडतो त्यांच्यासाठी साधारण असं होईल:

एक उतारा, वेळ न लावता, निम्मे प्रश्न बरोबर.
एक उतारा घड्याळ लावून.
सलग तीन उतारे घड्याळ लावून.
रिझनिंगचे दहा प्रश्न, न येणारे सोडून पुढे जात.
अर्धा पेपर एका तासात.
पूर्ण पेपर दोन तासांत, ३३ टक्क्यांच्या वर.

समजा तुमचे आकडे आले ९०, ७०, ५०, ४०, २०, १०. काम सुरू करायची जागा ७० ते ५० च्या आसपास आहे. ९० वाल्यावर वेळ घालवून काही मिळत नाही आणि १० वाल्यावर रोज आपटून घेतलं तर डोक्यात एकच पुरावा साठत जातो की मला जमत नाही. टेस्ट सिरीज लावली आणि पहिल्या दिवसापासून फुल लेंथ पेपर देत सुटले, असं करणाऱ्या मुलांचा सीसॅट सुधारण्याऐवजी भीती वाढलेली असते, मेहनत प्रचंड आणि तीही उलट्या दिशेला, बघून जीव तुटतो.

छोट्या टप्प्यांचा फायदा किती होतो त्याचा बंडुरा आणि डेल शंक ह्यांचा १९८१ चा प्रयोग फार बोलका आहे. गणितात मागे असलेली आणि गणित नकोसं वाटणारी लहान मुलं, वजाबाकीची ४२ पानं, सात बैठका. काही मुलांना सांगितलं दर बैठकीत निदान सहा पानं करायचा प्रयत्न करा, काहींना सांगितलं सात बैठकींच्या शेवटी ४२ पानं व्हायला हवीत. काम तेवढंच. सहा पानं वाल्या मुलांना वजाबाकी जास्त चांगली आली, स्वतःच्या जमण्यावर विश्वास वाढला, आणि विशेष म्हणजे नंतर त्यांना गणितात रसही जास्त वाटायला लागला. तर तुमच्या भिंतीवर "राज्यसेवा २०२७" लिहिलंय ते राहू दे, पण आजच्या पानावर त्या सहा पानांसारखं आजचं छोटं काम असलं पाहिजे.

बंडुरा म्हणतात हा विश्वास चार ठिकाणांहून येतो आणि सगळ्यात पक्का येतो तो स्वतः करून जमल्याच्या अनुभवातून, वरची शिडी त्यासाठीच. दुसरा येतो आपल्यासारख्याच कोणाला तरी जमताना बघून, आणि इथे "आपल्यासारख्या" ला महत्त्व आहे. राज्यात पहिल्या आलेल्याची मुलाखत बघून तुम्हाला आणखी खचल्यासारखं होत असेल तर त्याचं कारण हेच, तो इंजिनिअर, गणित त्याचं आधीपासून पक्कं, त्याला जमलं ह्यातून तुमच्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. त्यापेक्षा तुमच्याच अभ्यासिकेत बीए केलेली, मराठी माध्यमातली, मागच्या वर्षी सीसॅटमधे अडकलेली आणि यंदा निघालेली मुलगी शोधा, तिला विचारा नेमकं काय बदललंस, आणि जमलं तर तिच्या शेजारी बसून ती एक उतारा कसा सोडवते, कुठे अडते, अडल्यावर काय करते ते बघा.

तिसरं, लोकांचे शब्द. ह्याची ताकद कमी असते पण घरच्यांसाठी सांगतो, "तू हुशार आहेस" ह्याचा उपयोग वाटतो तेवढा नाही. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक ह्यांच्या १९९८ च्या प्रयोगांत हुशार म्हणून कौतुक झालेली मुलं पुढच्या अपयशानंतर लवकर हात टेकत होती, कष्टाचं कौतुक झालेली टिकत होती. फोनवर "निकाल कधी" ऐवजी "ह्या आठवड्यात काय नवीन जमलं" असं विचारलं तरी फरक पडतो. चौथं शरीर, धडधड, घामेजले हात, पोटात गोळा. पेपरच्या आधी हे जवळजवळ सगळ्यांना होतं, त्याचा अर्थ मला येत नाही असा नसतो. सरावाच्या पेपरला घड्याळ, ओएमआर शीट (गोळे काळे करायची उत्तरपत्रिका), अनोळखी खोली असं सगळं ठेवा म्हणजे त्या धडधडीसकट प्रश्न सुटतात हा अनुभव आधीच गाठीशी येतो.

एक सावधगिरी. विश्वास वाढवायचाय पण तो खरा हवा. प्रत्येक सरावाआधी लिहून ठेवा की किती बरोबर येतील, नंतर तपासा. सलग काही वेळा अंदाज २० ने जास्त निघत असेल तर जीएसमधेही (सामान्य अध्ययनाच्या पेपरात) तुम्ही नको त्या प्रश्नांवर गोळे काळे करत असणार आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक चतुर्थांश गुण कापले जातात हे विसरू नका. अंदाज नेहमी कमी निघत असेल तर येणारे प्रश्न तुम्ही सोडून येताय, हेही तेवढंच महागात पडतं.

आता त्या रॉटरच्या जोडीकडे. बरेच जण सांगतात की पहिलं वाक्य निवडणारा बरोबर, सगळं आपल्याच हातात असतं. मला हे पटत नाही आणि खुद्द रॉटर ह्यांनीही १९७५ मधे लिहिलं होतं की आतला, म्हणजे सगळं माझ्यामुळे घडतं मानणारा, तो चांगला आणि बाहेरचा, म्हणजे नशीब-सिस्टीममुळे घडतं मानणारा, तो वाईट असा अर्थ काढू नका. एमपीएससीत किती गोष्टी हाताबाहेर असतात ते आपल्याला माहितीये, जाहिरात कधी येईल, जागा किती, पॅटर्न काय, निकालाला किती महिने. हे सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं की माणूस विनाकारण स्वतःला दोष देत बसतो. पण सगळंच बाहेर टाकलं की उद्या सकाळी उठून उतारा सोडवायचं कारणच उरत नाही.

म्हणून शेवटच्या पेपरचं एक पान करा, तीन रकाने. माझ्या हातात होतं, अजिबात नव्हतं, आणि एकट्याच्या हातात नव्हतं पण सगळ्यांच्या मिळून होतं. हा तिसरा रकाना लोक विसरतात. २०२३ मधे मुख्य परीक्षेचा नवा वर्णनात्मक (लेखी उत्तरांचा) पॅटर्न २०२५ पर्यंत पुढे गेला तो पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर बसले म्हणून, आणि २५ ऑगस्ट २०२४ ची पूर्व परीक्षा आयबीपीएसच्या (बँक भरतीच्या) पेपरच्याच दिवशी आली तेव्हाही आंदोलनानंतर ती पुढे ढकलली गेली. बंडुरांनी नंतर ह्याच सामूहिक क्षमतेवर बरंच लिहिलं. पहिल्या रकान्यात "अभ्यास कमी पडला" असं मोघम चालणार नाही, "इकॉनॉमीचे जुने पेपर सोडवले नव्हते" असं हवं, म्हणजे त्यातून उद्याचं काम निघतं. दुसऱ्या रकान्यातलं वाचा आणि सोडा.

आणि किती अटेम्प्ट द्यायचे, कोणत्या वर्षापर्यंत, तोपर्यंत पैशाचं काय, समांतर कोणती परीक्षा किंवा नोकरी बघायची, हे पहिल्या रकान्यातलं सगळ्यात मोठं काम आहे. निकालाच्या आठवड्यात ते ठरवू नका, ना यादीत नाव आल्यावर ना न आल्यावर. दोन पेपरांच्या मधल्या एखाद्या साध्या दिवशी घरच्या एका माणसासोबत बसून लिहा, खाली तारीख टाका, आणि पुढची जाहिरात आली की फॉर्म भरायच्या आधी ते पान काढून वाचा.