व्हॉल्व्हखालची दोन अक्षरं

इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून पावणे एमआयडीसीतल्या एका केमिकल प्लांटवर लागलो, तेव्हा पी अँड आयडी, म्हणजे प्लांटचे पाइप, व्हॉल्व्ह आणि इन्स्ट्रुमेंट दाखवणारं ड्रॉइंग, आपल्याला येतो असंच वाटत होतं. गोलात रेघ नसेल तर इन्स्ट्रुमेंट फील्डवर, आडवी रेघ असेल तर कंट्रोल रूमच्या पॅनलवर, गोलाभोवती चौकोन असेल तर डीसीएसमध्ये, म्हणजे प्लांट चालवणाऱ्या कॉम्प्युटर सिस्टीममध्ये. आयएसए ५.१ ह्या चिन्हांच्या स्टँडर्डमधलं एवढं तुम्हालाही पाठ असेल.

मी फसलो ते व्हॉल्व्हच्या चिन्हाखालच्या 'एफओ'मध्ये.

शटडाऊनमध्ये लूप चेक चालू होता, म्हणजे सिग्नलपासून व्हॉल्व्हपर्यंतची साखळी तपासणं. रिॲक्टरच्या जॅकेटला कूलिंग वॉटर देणारा कंट्रोल व्हॉल्व्ह. कॅलिब्रेटरने ४ मिलिअँपिअर, म्हणजे सगळ्यात कमी सिग्नल दिला, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. सगळ्यात जास्त, म्हणजे २० दिले, बंद झाला. ४ म्हणजे बंद, हे डोक्यात इतकं पक्कं की सिग्नलप्रमाणे व्हॉल्व्हला हवा देणारा पोझिशनर उलटा लागलाय असं ठरवून मी त्याची ॲक्शन रिव्हर्स केली आणि शीटवर 'ओके' लिहून मोकळा झालो.

आमचे फिटरकाका मागे उभे होते. म्हणाले, "वायर काढ रे." काढली. हवा चालूच होती, आणि दांडा सरसर खाली गेला. पाणी बंद.

"आत बॅच असती तर?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना.

हे नीट समजून घ्या. एफओ म्हणजे फेल ओपन, हवा किंवा सिग्नल गेला तर व्हॉल्व्ह उघडाच राहायला हवा. स्प्रिंग व्हॉल्व्ह उघडते, हवा तो बंद करते. म्हणून ४ ला हवा नाही आणि व्हॉल्व्ह उघडा, हेच बरोबर होतं. ऑपरेटरला शून्य टक्के म्हणजे बंद दिसावं म्हणून डीसीएस आउटपुट आधीच उलटवून पाठवत होतं. मी पुन्हा उलटवल्यावर ऑपरेटरने 'उघड' म्हटलं की व्हॉल्व्ह बंद झाला असता. त्याहून वाईट म्हणजे हवा गेली तर स्प्रिंग अजूनही उघडतेच, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. पण सिग्नल गेला की तो जुना, स्मार्ट नसलेला पोझिशनर पूर्ण हवा सोडतो आणि ज्या वेळी पाणी हवं नेमकं त्याच वेळी ते तोडतो. हवा जाणं वेगळं, सिग्नल जाणं वेगळं. दोन्ही करून बघा. एकदा हवा बंद करून, एकदा वायर काढून. स्टीमच्या व्हॉल्व्हवर बहुधा एफसी (फेल क्लोज) असतं, तिथे दोन्ही वेळा तो बंदच व्हायला हवा.

आणि बबलमधलं, म्हणजे गोलातलं, एफसी म्हणजे फ्लो कंट्रोलर, व्हॉल्व्हखालचं एफसी म्हणजे फेल क्लोज. ह्यात गल्लत करणारे मी इंजिनिअरही पाहिलेत.

१५ दिवसांत पी अँड आयडी शिकवणाऱ्या क्लासला पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. चिन्हं कळतील, लाईन कळणार नाही. ए३ प्रिंट घ्या, हायलायटर घ्या, पंपापासून टाकीपर्यंत पाइप धरून चाला. ड्रॉइंगवर आहे आणि साइटवर नाही असं काहीतरी सापडेलच, ते लाल पेनाने मार्क करा. सोबत साहेब नको, फिटर घ्या. ज्याने तो व्हॉल्व्ह खोलून पाहिलाय, त्याला विचारायला लाजू नका.

पहिले दोन-तीन महिने शीट समोर धरली की नुसत्या रेघा दिसतील. मलाही तेच दिसायचं. घणसोलीहून ठाण्याला परतताना लोकलमध्ये घडी घातलेली शीट मांडीवर उघडून एकच लूप बघत बसायचो. साधारण चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी ऐरोली यायच्या आत तो अख्खा लूप न अडखळता वाचता आला.