पेरूला जाताय? मग या चुका टाळा, विशेषतः पहिली

मी दोनदा पेरूला जाऊन आलेय म्हणून ओळखीतलं कुणी निघालं की प्लॅन आधी मला पाठवतात, आणि प्लॅन उघडला की तेच. रात्री लिमाला उतरायचं, सकाळच्या फ्लाइटने कुस्को, त्याच दुपारी साक्सायवामान (शहराच्या वरचा इंकांचा किल्ला), दुसऱ्या दिवशी माचू पिचू, तिसऱ्या दिवशी रेनबो माउंटन. मी म्हणते असं करू नका, तर उत्तर येतं "अगं सुट्टीच तेवढी आहे". मग तिथून रात्री मेसेज येतो, डोकं फुटतंय, काय घेऊ?

लिमा समुद्राला लागून आहे आणि कुस्को साधारण ३,४०० मीटरवर. म्हणजे कळसूबाईच्या दुपटीपेक्षा जास्त उंची, आणि ती तुम्ही विमानात बसून सव्वा तासात गाठता. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम दोन तृतीयांश, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी जातो. शरीर जुळवून घेतं पण त्याला दोन-तीन दिवस द्यावे लागतात, आणि फिटनेसचा याच्याशी फारसा संबंध नाही. "आम्ही लेहला जाऊन आलोय, आम्हाला सवय आहे" हे तर मी इतक्यांदा ऐकलंय! ती सवय खाली आल्यावर काही आठवड्यांत जाते हो, गेल्या वर्षीची लेहची ट्रिप यंदा कामाला येत नाही.

पहिल्या खेपेला आम्ही सहा जण होतो. काका तेव्हा ६२ वर्षांचे, रोज सकाळी पर्वती चढणारे, आमच्यात सगळ्यात दमदार तेच. अकराला कुस्कोत उतरलो, हॉटेलवर बॅगा टाकल्या, प्लाझा दे आर्मास या मुख्य चौकात फोटो काढले आणि चढ चढत पायी साक्सायवामानला गेलो, काका सगळ्यांच्या पुढे. रात्री पिस्को सावर, म्हणजे तिथलं दारूचं कॉकटेल, पण झालं. दोन वाजता काकूने आमचं दार वाजवलं. काकांना उलट्या थांबत नव्हत्या, बसल्या जागी धाप लागत होती आणि बाथरूमपर्यंत जाताना तोल जात होता. हॉटेलवाल्यांनी ऑक्सिजनचा सिलिंडर आणला, डॉक्टर बोलावला, त्याने तपासून एकच सांगितलं, यांना खाली न्या. पहाटे टॅक्सी करून उरुबांबाच्या खोऱ्यात उतरलो, दुपारपर्यंत काका बोलायला लागले, संध्याकाळी थोडं सूप प्यायले. पण माचू पिचूचं तिकीट त्याच दिवसाचं होतं, चार महिने आधी काढलेलं, आणि पुढच्या दिवसांचे स्लॉट भरलेले. इतक्या लांब येऊन ते दोघं माचू पिचू न बघता परतले, आणि त्या दिवशी साक्सायवामानला चला असं म्हणणारी मी होते, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या खेपेला मी क्रमच उलटा केला आणि आता सगळ्यांना तोच सांगते. कुस्को एअरपोर्टवरून बाहेर पडायचं आणि शहरात न थांबता गाडीने थेट ओयांतायतांबो किंवा उरुबांबा गाठायचं, ते २,८००-२,९०० मीटरच्या आसपास आहे. तिथे दोन रात्री. मग माचू पिचू, ते तर त्याहून खाली, साधारण २,४३० मीटर. कुस्को सगळ्यात शेवटी. पहिल्या दिवशी दारू नाही, जड जेवण नाही, गावात संथ फेरी मारायची आणि झोपायचं. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तसं सांगून. पण गोळी घेतली म्हणजे धावायला मोकळे, असा शॉर्टकट नसतो. तोल जायला लागला, माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा बसल्या बसल्या धाप लागली तर सकाळची वाट बघू नका, लगेच खाली उतरवा. आणि रेनबो माउंटन ५,००० मीटरच्या वर आहे, ते तिसऱ्या दिवशी कुणीही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक यलो फीव्हरच्या लशीची. एजंट सांगतो की पेरूला लस कंपल्सरी नाही, आणि ते खरंही आहे, पण पेरू भारताच्या यलो फीव्हर देशांच्या यादीत आहे त्यामुळे सर्टिफिकेट परत येताना आपल्याच एअरपोर्टवर मागतात. पेरू सोडून सहा दिवस झालेले नसतील आणि सर्टिफिकेट नसेल तर ते सहा दिवस पुरे होईपर्यंत क्वारंटाइन. माझ्या मैत्रिणीच्या दिराने असे चार दिवस काढले, घर तासाभराच्या अंतरावर आणि मुलगी फोनवर विचारतेय बाबा कधी येणार. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, अपॉइंटमेंटला वेळ लागतो, आणि सर्टिफिकेट लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं. एकदा घेतली की आता आयुष्यभर चालते. साठीच्या पुढचे, गरोदर बायका, अंड्याची अ‍ॅलर्जी असलेले यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. मी तर विमानाचं तिकीट काढलं की त्याच आठवड्यात लशीचं बघते.

शाकाहारी मंडळी "सिन कार्ने" एवढंच पाठ करून जातात. कार्ने म्हणजे वेटरच्या डोक्यात बहुतेक वेळा बीफ, त्यामुळे तुमच्यापुढे चिकन येतं आणि त्याला वाटतं आपण सांगितलं तसंच दिलं. "नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो" असं पूर्ण म्हणा, म्हणजे मटण-चिकन-मासे काहीच नाही. सूप मागवताना "काल्दो दे पोयो" घातलंय का ते विचारा, नुसत्या भाज्या दिसल्या तरी पाणी कोंबडीचं असू शकतं. मी हे सगळं स्पॅनिशमध्ये एका कागदावर लिहून नेते आणि तो किचनमध्ये पाठवते. रोकोतो रेयेनो आपल्या भरल्या मिरचीसारखं दिसतं पण आत खिमा असतो. उकडलेलं कणीस आणि चीज, म्हणजे चोक्लो कोन केसो, रस्त्यावर मिळतं. दाणे आपल्या मक्याच्या दुप्पट मोठे, पोट भरतं आणि चवीला फार सुंदर.

माचू पिचूचं तिकीट काढताना नुसती तारीख बघू नका, सर्किट, म्हणजे आत फिरायचा ठरलेला मार्ग, बघा. सगळ्यांना हवा असतो तो वरून दिसणारा फोटो सर्किट १ आणि २ वर मिळतो, ३ वर नाही. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. टॉयलेट गेटच्या बाहेरच आहे, आत नाही.

पायथ्याच्या आग्वास काल्येंतेसला गाडीरस्ता नाही, ट्रेन आधी बुक करा. इंका ट्रेल, म्हणजे माचू पिचूला पायी जायचा ट्रेक, फेब्रुवारीत बंद असतो.

अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो, स्वस्त तिकीट दिसलं म्हणून घाई करू नका.

डॉलरची नोट जराशी फाटलेली असली तरी घेत नाहीत. नळाचं पाणी पिऊ नका. टॉयलेट पेपर डब्यात टाकायचा, फ्लश करायचा नाही.

आणि हॉटेलच्या रिसेप्शनवर कोकाच्या पानांचा चहा ठेवलेला असतो तो जरूर प्या, बरं वाटतं, पण त्याच्या टी-बॅग्ज घरच्यांना द्यायला म्हणून बॅगेत टाकू नका. तिथे तो किराणा दुकानात मिळतो, आपल्याकडे कोकाची पानं अमली पदार्थांच्या कायद्यात येतात.