ब्रशलेस केलेल्या स्लॅशमध्ये पिनियन आणि स्पर गिअर बसवताना

ट्रॅक्ससची १/१० मापाची टू-व्हील-ड्राइव्ह स्लॅश ही रिमोटवर चालणारी गाडी ब्रशच्या मोटरवर घेतली आणि नंतर तिला ब्रशलेस मोटर नि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) लावली, की बहुतेकदा पहिल्यांदा स्पर गिअरचे, म्हणजे मोटरने फिरणाऱ्या मोठ्या गिअरचे, दाते झडतात. मग स्टीलचा स्पर शोधायची घाई होते. ती करू नका. स्पर प्लॅस्टिकचाच ठेवा, पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) तेवढा स्टीलचा घ्या. स्पर पाच मिनिटांत बदलता येतो. तो स्टीलचा केला की झटका पुढे गिअरबॉक्समधल्या गिअरवर जातो, आणि मग अख्खी मागची बाजू खोलावी लागते.

खरेदीआधी पिच, म्हणजे दात्यांचं माप, तपासा. स्लॅशला ४८ पिच लागतो. ०.५ किंवा ०.६ मॉड्यूलचे (दात्यांचं मेट्रिक माप) गिअर नजरेला सारखेच वाटतात, पण एकमेकांत बसत नाहीत. काही मिनिटांतच दाते कुरतडले जातात. व्हर्नियरने खात्री होते: ८६ दात्यांच्या स्परचा बाहेरचा व्यास ४८ पिचमध्ये साधारण ४६.६ मिमी भरतो, ०.५ मॉड्यूलमध्ये ४४ आणि ०.६ मध्ये ५२.८. मोटरचा शाफ्टही मोजा. ५४० मापाच्या मोटरचा शाफ्ट सहसा ३.१७ मिमी असतो, पण काही लांब ब्रशलेस मोटरींचा ५ मिमी असतो. पिनियनचं भोक त्याप्रमाणे घ्या.

गुणोत्तर काढायला स्परचे दाते भागिले पिनियनचे दाते, गुणिले २.७२ (गिअरबॉक्सचं आतलं गुणोत्तर). ८६ ला १९ लावला तर १२.३ येतं, २३ लावला तर १०.२. आकडा लहान झाला की वेग वाढतो आणि मोटर तापते. टू-एस (दोन सेलच्या) बॅटरीवरून थ्री-एसवर (तीन सेलच्या) जाताना पिनियन लहान करायचा, मोठा नाही.

आता काम. बॅटरी काढून ठेवा. गिअर कव्हर उतरवा, मोटरचे स्क्रू ढिले करून ती मागे सरकवा. स्लिपर क्लचचा (स्पर ज्यावर बसतो आणि जो घसरून झटका सोसतो तो क्लच) नट सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. स्प्रिंग, वॉशर, प्रेशर प्लेट ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने परत जायला हव्यात. घर्षणाच्या पृष्ठभागावर ग्रीसचा जराही डाग नको.

पिनियनचा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला छोटा स्क्रू) शाफ्टच्या सपाट बाजूवरच आला पाहिजे. गोल भागावर आवळला तर तो कितीही घट्ट वाटला तरी सुटतो. स्क्रू नि आटे स्पिरिटने पुसून निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सुटू नये म्हणून लावायचा गोंद) एक थेंब पुरे. हे रसायन प्लॅस्टिकला तडे पाडतं, म्हणून स्परपासून लांब ठेवा. पिनियनचे दाते स्परच्या पूर्ण रुंदीवर येतील असा तो शाफ्टवर आत-बाहेर सरकवून घ्या. मोटरचे स्क्रू जुन्याच लांबीचे वापरा. लांब स्क्रू आत वाइंडिंगला जाऊन टेकतो.

सगळ्यात जास्त वेळ मेशला, म्हणजे दोन्ही गिअरांचे दाते एकमेकांत किती खोल बसतात त्याला, द्या. साध्या वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही गिअरांमध्ये घाला, मोटर स्परवर दाबून धरा आणि स्क्रू आवळा. मग स्पर फिरवून पट्टी बाहेर काढा. तिच्यावर सारख्या घड्या पडलेल्या दिसल्या पाहिजेत. फाटली असेल तर मेश घट्ट, घड्या अस्पष्ट असतील तर सैल. प्लॅस्टिकचा स्पर अगदी गोल नसतो, म्हणून पूर्ण फेरी फिरवून जिथे सगळ्यात घट्ट लागतो तिथे पिनियन धरून स्पर हलवा: अगदी किंचित ‘टिक’ जाणवली पाहिजे. स्क्रू आवळताना मोटर थोडी सरकते, तेव्हा हे आवळल्यानंतर पुन्हा बघायचं. घट्ट मेश बारीक किंचाळतो आणि बेअरिंग खातो. सैल मेश दात्यांची टोकं छाटतो.

स्लिपरची स्प्रिंग पूर्ण दबेपर्यंत नट आवळा आणि तिथून अर्धा फेरा मागे घ्या. गाडी जमिनीवर ठेवून एकदम थ्रॉटल द्या: सुटताना फूट-दीड फूट क्लच घसरल्याचा आवाज यायला हवा. अजिबात आला नाही तर नट आणखी पाव फेरा सोडा, कारण न घसरणारा स्लिपर उडीनंतरचा सगळा झटका दात्यांवर टाकतो. लांबवर घसरत राहिला तर स्पर वितळतो.

कव्हर लावल्याशिवाय गाडी पळवू नका. दाते तोडायला एक खडा पुरतो. पाच मिनिटं चालवून मोटरचं तापमान मोजा. ७० अंश सेल्सिअसच्या वर गेलं तर पिनियन दोन दात्यांनी कमी करा आणि मेश पहिल्यापासून लावा.